शुश्रूषेची परीक्षा कोण घेणार?

मुंबई राज्याने १९४९ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला. आजारी, जखमी किंवा विकल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा जेथे केली जाते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी व्याख्या या कायद्याने केली आणि प्रसूतिगृहांचाही तीत समावेश केला. पुढच्या पाऊणशे वर्षांत व्याख्येतील आजारी आणि जखमी यांची व्यवस्था डॉक्टरांनी पाहिली. मराठी माणसाच्या बोलण्यात 'नर्सिंग होम' म्हणजे नाक्यावरच्या डॉक्टरांचे दहा-पंधरा खाटांचे इस्पितळ, असा अर्थ रूढ झाला. तिसरा शब्द मात्र तसाच पडून राहिला. विकल माणूस घरीच असे. माजघरात किंवा पडवीत त्याची खाट असे आणि त्याचे सारे काही सुना, लेकी आणि बायका बिनबोभाट करीत. त्या शुश्रूषेचा दर्जा काय, असे कोणी विचारीत नसे. विचारले असते तर पुष्कळ घरांतून अप्रिय उत्तर आले असते, हेही कबूल केले पाहिजे.

आता ती खाट घराबाहेर पडली आहे. मुंबईची उपनगरे, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत जुने बंगले, इमारतींचे मजले, कधी चार सदनिका एकत्र करून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ठेवून घेणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. हे नेहमीचे वृद्धाश्रम नव्हेत. पुष्कळ वृद्धाश्रम हिंडते-फिरते वृद्धच स्वीकारतात. माणूस अंथरुणाला खिळला की त्याला घेऊन जा म्हणतात. पक्षाघाताने एक बाजू गेलेला, खुब्याचे हाड मोडलेली, स्मृतिभ्रंशाने स्वतःच्या मुलाला न ओळखणारी, नाकातल्या नळीवाटे अन्न घेणारी माणसे या नव्या घरांत येतात. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या देशात १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यानंतर ते वाढलेच आहे. दोन खोल्यांचे घर, दोघेही नोकरी करणारे मुलगा-सून, किंवा परगावी असलेले एकुलते एक अपत्य, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वसाधारण स्थिती झाल्यावर दुसरे काय होणार होते?

मराठी रंगभूमीने या प्रश्नाची एक बाजू फार प्रभावीपणे मांडली. 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आले, त्यानंतर 'संध्याछाया' आले, आणि मुलांनी आईबापांना का टाकले हा प्रश्न घराघरांत पोचला. तो प्रश्न खोटा नव्हता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की वृद्धांच्या प्रश्नाकडे समाज केवळ कृतज्ञता आणि कृतघ्नता यांच्या चौकटीतून पाहू लागला. आईला अशा संस्थेत ठेवणाऱ्या मुलीला नातेवाईक विचारतात, 'ठेववलं कसं तुला?' तेथे रात्री तिची कूस कोण बदलते, असे मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

ही निवड कशी होते हे पाहण्यासारखे आहे. मुलासाठी शाळा निवडताना वर्षभर चौकशी चालते. घर घेताना बांधकामाचे कागद वकिलाला दाखवले जातात. शुश्रूषागृह बहुधा दोन-तीन दिवसांत निवडावे लागते, कारण रुग्णालयाने आता घरी न्या म्हणून सांगितलेले असते आणि घरी नेणे शक्य नसते. निवृत्त शिक्षकाचे किंवा कारकुनाचे निवृत्तिवेतन आणि मुलांनी टाकलेली भर मिळून महिन्याचे पैसे जुळवले जातात आणि कुटुंब ती जागा पाहायला जाते. पाहते काय? फरशी स्वच्छ आहे, दूरदर्शन संच मोठा आहे, दारात तुळस आहे, भिंतीवर गेल्या गणेशोत्सवाची छायाचित्रे आहेत. व्यवस्थापक अगत्याने बोलतात. एवढ्यावर एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा निर्णय होतो. त्या कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. कसे पाहावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि पाहावे असे काही त्याच्यापुढे कोणी ठेवलेलेही नसते.

वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा जोखावा याचा मूलभूत विचार एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली एका निबंधात मांडला. बैरूतमध्ये जन्मलेले हे आर्मेनियन वंशाचे डॉक्टर पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. सेवेकडे तीन अंगांनी पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. जागा, उपकरणे आणि माणसे किती, हे पहिले अंग. प्रत्यक्षात काय व कसे केले जाते, हे दुसरे. आणि रुग्णाचे शेवटी काय झाले, हे तिसरे. आपल्याकडची सारी तपासणी, सरकारची आणि नातेवाइकांचीही, पहिल्या अंगापाशी थांबते. खाटा मोजता येतात, अग्निशामक नळकांडे दिसते, प्रमाणपत्र चौकटीत लावता येते. शुश्रूषा ही मात्र करण्याची गोष्ट आहे, आणि ती केली की नाही हे भिंतीवरून समजत नाही.

शय्याव्रणाचे उदाहरण घ्यावे. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचांवर शरीराचा भार सतत पडत राहिला, की तेथील रक्तपुरवठा तुटतो, त्वचा आधी लाल होते, मग फाटते आणि अखेर जखम हाडापर्यंत जाऊ शकते. वास सुटतो, जंतुसंसर्ग रक्तात उतरतो आणि पुष्कळदा मृत्यूच्या दाखल्यावर कारण भलतेच लिहिले जाते. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, पोटात पुरेसे अन्न व पाणी जाणे. चांगली गादी असेल तर हे अंतर काहीसे वाढवता येते, असे अलीकडचे संशोधन सांगते. परंतु कूस बदलावीच लागते.

आता साधा त्रैराशिकाचा हिशेब करावा. एखाद्या घरात असे वीस रुग्ण आहेत असे समजू. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत चार फेऱ्या झाल्या पाहिजेत, म्हणजे ऐंशी वेळा कूस बदलणे आले. अंगावरचे दूर करून, ओले झालेले डायपर बदलून, पुसून, उशा लावून एका माणसाला कुशीवर वळवायला दोन जणींना पाच मिनिटे लागतात असे धरले, तर चारशे मिनिटे झाली. आठ तासांच्या रात्रीतले पावणेसात तास दोन जणींनी याच कामात घालवले पाहिजेत, आणि तेवढ्या वेळात कोणाला उलटी होता कामा नये, कोणी पाणी मागता कामा नये, कोणी खाटेवरून उतरायला जाता कामा नये. ज्या घरात रात्री वीस जणांमागे एकच मावशी आहे, तेथे नोंदवहीत दर दोन तासांच्या रकान्यात बरोबरची खूण असली तरी ते काम झालेले नसते. ते होणे शक्यच नसते. खुणा पहाटे एकदम केलेल्या असतात. शाई आणि हात एकच असल्याचे नुसत्या नजरेने दिसते. यात त्या मावशीची लबाडी शोधणे हा अन्याय होईल.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा संसदेने २००७ साली केला. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. निर्धन वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे जणांना पुरेल असा वृद्धाश्रम राज्यांनी काढावा, असेही त्यात म्हटले आहे. पैसे घेऊन वृद्धांना सांभाळणाऱ्या खाजगी घरांचे काय, याविषयी तो मूक आहे. म्हणजे आईला सोडून देणारा मुलगा गुन्हेगार ठरतो, पण महिन्याचे पैसे घेऊन तिला ओल्या चादरीवर ठेवणाऱ्या संस्थेला तोच कायदा काही विचारीत नाही. ही उणीव केंद्र सरकारच्या लक्षात आली नव्हती असे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा घरांची आणि घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व त्यांच्यासाठी किमान मानके यांची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा त्या विधेयकाचाही अंत झाला. कोणाला हळहळ वाटल्याचे दिसले नाही.

याउलट गृहनिर्माणाच्या क्षेत्रात तत्परता दिसली. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वसाहतींकरिता महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने २०२४ साली आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. दारांची रुंदी, न घसरणाऱ्या फरशा, स्नानगृहातले आधाराचे दांडे यांचा त्यांत विचार आहे. तो स्वागतार्हच आहे. परंतु जो वृद्ध सदनिका विकत घेऊ शकतो त्याच्या स्नानगृहातल्या दांड्याची काळजी वाहिली जावी, आणि ज्याला स्नानगृहापर्यंत जाताच येत नाही त्याच्याकडे कोणी पाहू नये, हा क्रम मोठा विलक्षण आहे.

अमेरिकेने या वाटेवर आपल्या आधी पुष्कळ ठेचा खाल्ल्या आहेत. तेथील शुश्रूषागृहांच्या दुरवस्थेवर १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने सुधारणेचा कायदा केला. प्रत्येक निवासीच्या प्रकृतीची ठरावीक नमुन्यात नोंद, बांधून ठेवण्यापासून किंवा सोयीसाठी औषध देऊन गुंगवण्यापासून संरक्षण, आणि फार तर पंधरा महिन्यांच्या अंतराने पूर्वसूचनेशिवाय तपासणी, ही त्याची मुख्य अंगे. बांधून ठेवण्याचे प्रमाण त्यानंतर खरोखरच पुष्कळ उतरले. डिसेंबर २००८ पासून प्रत्येक घराला एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू झाली. तपासणीचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांच्या स्थितीचे काही निर्देशांक यांवरून हे तारे ठरतात आणि कोणालाही ते पाहता येतात. येथवर सारे चांगले आहे. पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे.

कर्मचाऱ्यांची संख्या आरंभी संस्था स्वतःच कळवीत. पुढे ती पगारपत्रकावरून घेतली जाऊ लागली, तेव्हा कळवलेल्या आकड्यांहून ती कमी असल्याचे आणि शनिवार-रविवारी आणखी घसरत असल्याचे संशोधकांना आढळले. वृद्धांना गुंगवणाऱ्या मानसरोगावरील औषधांचा वापर किती, हाही एक निर्देशांक होता. त्यातून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळले जात, कारण त्यांना ती औषधे खरोखरच लागतात. परिणाम असा झाला, की अनेक शुश्रूषागृहांत म्हातारपणी अचानक स्किझोफ्रेनिया झालेल्यांची संख्या वाढू लागली. वृत्तपत्रांनी २०२१ मध्ये हे उघडकीस आणले, सरकारच्याच महानिरीक्षकांनी पुढच्या वर्षी त्यास दुजोरा दिला आणि २०२३ पासून या निदानांची फेरतपासणी सुरू करावी लागली. आजार वाढला नव्हता; तारा वाचवायचा होता. ज्या मोजमापावर धंदा अवलंबून असतो ते मोजमाप धंदेवाईकाच्या हाती दिले की असेच होते. परीक्षेचे निकाल शाळेनेच लावायचे ठरले तर काय होते, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

२०२४ साली तेथील सरकारने प्रत्येक निवासीमागे दिवसाला सरासरी ३.४८ तासांची प्रत्यक्ष शुश्रूषा मिळालीच पाहिजे असा नियम काढला. दुसऱ्याच वर्षी टेक्ससमधील न्यायालयाने तो रद्द केला आणि त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत होऊ नये अशी तरतूद काँग्रेसनेही केली. कर्मचारी मिळत नाहीत, ही शुश्रूषागृहांच्या चालकांची तक्रार होती. ती अगदीच निराधार नव्हती. पण करोनाच्या साथीत त्या देशात अशा घरांतील दोन लाखांवर निवासी व कर्मचारी दगावले, हे लक्षात घेतले म्हणजे ही माघार किती निष्ठुर आहे ते कळते. इंग्लंडचीही स्थिती फार निराळी नाही. तेथील नियामक आयोग उत्कृष्ट ते अपुरी अशा चार श्रेणी देतो. त्याच्याच कारभाराची चौकशी २०२४ मध्ये झाली, तेव्हा त्याच्या कक्षेतील सुमारे एक पंचमांश ठिकाणांना कधीच श्रेणी मिळाली नव्हती असे दिसून आले.

यावरून तपासणी व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे चूक होईल. काय तपासावे आणि कोणी तपासावे याविषयी मात्र पुष्कळ शिकता येते. महाराष्ट्रात तारे वाटण्याची घाई करण्याचे कारण नाही. सुटसुटीत पाच-सहा गोष्टी जाहीर करण्याची सक्ती पुरे आहे. येताना अंगावर व्रण नसलेल्या किती जणांना संस्थेत आल्यावर ते झाले. किती जणांचे वजन तीन महिन्यांत लक्षणीय घटले. किती जणांना बांधावे लागले आणि कोणाच्या लेखी आदेशाने. गेल्या वर्षभरात किती मृत्यू झाले. आणि रात्रपाळीला प्रत्यक्ष किती माणसे होती, तीही हजेरीपटावरून नव्हे तर पगाराच्या नोंदीवरून. बांधण्याच्या बाबतीत तर नवा कायदाही नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराची व्याख्या करताना दिशाभान आणि स्मृती यांचा उल्लेख केला आहे, आणि बंधनाचा उपयोग केवळ तातडीची इजा टाळण्यासाठी, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने आणि नोंद ठेवूनच करता येतो असे म्हटले आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींचे मनगट ओढणीने खाटेच्या दांड्याला बांधताना या कायद्याची आठवण किती जणांना होते?

येथे सावधगिरीचीही गरज आहे. नियमांचा पुस्तकी बडगा उगारला तर पहिला बळी त्या छोट्या घराचा जाईल, जेथे एखादी निवृत्त परिचारिका जुन्या बंगल्यात दहा-बारा जणांना पोटच्या माणसांसारखे सांभाळते. तिच्याकडे रुंद उद्वाहन नाही, अग्निशमनाच्या दाखल्यासाठी खेटे घालायला कारकून नाही. चकचकीत पाच मजली संस्था मात्र सगळे कागद तयार ठेवील. निरीक्षकांच्या हाती आणखी एक परवाना आला की आणखी एक पाकीट आले, ही शंका घेण्याइतका अनुभव या राज्यातल्या नागरिकांना आहे. म्हणून तपासणीचा रोख जागेवर न राहता माणसाच्या पाठीवर गेला पाहिजे, आणि ती दिवसा अकराला न होता रात्री दोनला, न कळवता झाली पाहिजे. चादर उचलून टाच पाहायला परवान्याच्या फायलीची जरूर नसते.

आणि या साऱ्याच्या केंद्रस्थानी जी आहे, तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष नाही. अंग पुसणारी, भरवणारी, घाण काढणारी मावशी बहुधा एखाद्या ब्यूरोमार्फत आलेली असते. बारा तासांची पाळी, पगारातून ब्यूरोची कपात, प्रशिक्षण पहिल्या दिवशी दुसरीने दाखवले तेवढे, आणि पाठीचे दुखणे कायमचे. कोठे पाचशे रुपये अधिक मिळाले की ती जाते. तिच्या जागी आलेल्या नवीला कोणत्या आजोबांना गिळायला त्रास होतो हे ठाऊक नसते. घरातला दर्जा ताडून पाहण्याची एक कसोटी म्हणून तेथील बाया किती दिवस टिकतात हे विचारावे. व्यवस्थापकाला नव्हे, बायांनाच विचारावे.

नातेवाइकांची अडचण निराळी आहे. टाचेवरची जखम दिसली तरी तोंड उघडवत नाही. बोलले तर आपण गेल्यावर राग आईवर निघेल ही भीती असते, आणि फारच बोलले तर 'घेऊन जा तुमच्या पेशंटला' हे उत्तर तयार असते. घेऊन जायला दुसरी जागा नसते, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. या परिस्थितीत ग्राहकाने जागरूक राहावे हा उपदेश पोकळ आहे. तक्रार करणाऱ्याचे नाव संस्थेला न कळवता चौकशी करणारी आणि तक्रारीनंतर रुग्णाला काढून टाकण्यास मनाई करणारी यंत्रणा असल्याखेरीज जागरूकतेचा उपयोग नाही. ज्यांना भेटायला कोणीच येत नाही, त्यांच्यासाठी तर परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांना आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना अशा घरांत केव्हाही जाण्याचा हक्क द्यायला हरकत नाही. बाहेरचे माणूस दर आठवड्याला येते, नावाने हाक मारते, हे कळले की नोंदवहीतल्या खुणाही थोड्या खऱ्या होतात.

यासाठी राज्याला दिल्लीच्या नव्या विधेयकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १९४९ च्या कायद्याखालील नियमांत महाराष्ट्राने २०२१ साली दुरुस्ती केली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. त्याच मार्गाने, पैसे घेऊन विकल वृद्धांना ठेवून घेणारे प्रत्येक घर हे शुश्रूषागृहच आहे, असे स्पष्ट करणारी दुरुस्ती करता येईल. 'विकल' हा शब्द कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. नोंदणीच्या पहिल्या फेरीत कोणालाही टाळे न ठोकता केवळ यादी करावी, घरे किती, खाटा किती, रात्री माणसे किती. ही यादी हाती आल्यावर महापालिकांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी पहिली भेट रात्रीच द्यावी.